हनिमूनला कोकणात जाताय? आधी घरच्यांना विचारा

लग्नाचा हॉल मिळाला, केटररला आगाऊ रक्कम पोचली, की हनिमूनचा विषय निघतो. हा विषय नवरा-नवरीने मिटवायचा असतो, अशी एक समजूत अलीकडे फोफावली आहे. बालीला वगैरे जाणार असाल तर खुशाल तसं समजा. पण कोकण ठरवलं असेल तर जरा दमानं घ्या. रेवसपासून रेडीपर्यंत असा एकही किनारा नाही, जिथे तुमच्या आईच्या माहेरचं किंवा बाबांच्या ऑफिसातलं कोणी राहत नाही. तेव्हा 'आम्हाला कुठे आवडेल' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'कुठे गेलो तर कोणाला वाईट वाटणार नाही' इथून सुरुवात करा.

सगळ्यात बिनधोक म्हणजे देवदर्शनाचा हनिमून. लग्नानंतर जोडीने देवाला जायचंच असतं, मग दोन खर्च कशाला? गणपतीपुळ्याला सगळी सोय आहे. समोर समुद्र, पाठीशी देव. डोंगर हाच गणपती, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची, साधारण किलोमीटरभर. तेवढाच काय तो एकांत, मागून येणारी शाळेची सहल सोडली तर. समुद्रात मात्र उतरू नका, तिथलं पाणी दगा देतं. प्रेमाच्या गोष्टी वाळूतच कराव्यात, उंटवाला भाव सांगून दमला की.

चित्पावन असाल आणि कुलदैवत व्याडेश्वर असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. व्याडेश्वर म्हणजे गुहागर. लांबलचक किनारा, सुरूचं बन, पोफळीच्या बागा. कोणीही दोघं चार दिवस सुखाने राहतील. पण कुलस्वामिनी जोगेश्वरी असते अंबाजोगाईला, बीड जिल्ह्यात. एकाला नमस्कार केला आणि दुसरीला राहिला, असं आपल्याकडे चालत नाही. त्यामुळे तुमचा समुद्रकिनाऱ्यावरचा हनिमून दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढतो आणि सह्याद्री मागे टाकून थेट मराठवाड्यात शिरतो. नकाशा बघून घाबरू नका. ड्रायव्हरला रस्ता आईने आधीच समजावलेला असतो.

देवधर्म नको, निवांतपणा हवा असं म्हणणारे तारकर्लीला खोली घेतात. चांगलं आहे. एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मध्ये तुम्ही. पण मालवणात उतरल्यावर रिक्षावाल्याने 'खयसून इलात?' विचारलं की आडनाव सांगू नका. बहुतेक जण सांगतात आणि तिथेच संपतात. संध्याकाळपर्यंत आत्येचा फोन येतो, 'इतक्या लांबसून इलात आणि घराकडे येवक नाय?' या प्रश्नाला उत्तर नसतं, फक्त पत्ता असतो.

आत्येकडे तुमचं काही कमी होणार नाही. सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे, वर सोलकढी. नव्या सुनेची नारळाने ओटी भरली जाईल. मग शेजारच्या दोन घरांतून बायका नवरी बघायला येतील आणि तिच्यासमोरच ती 'बारीक आसा' असं ठरवून जातील. जेवण झाल्यावर आत्ये म्हणते, आता कुठे जाताय, इथेच पडा. रिसॉर्टचे पैसे गेले तर गेले, माणसं जोडावीत. तुम्हाला घरातली सगळ्यात मोठी खोली मिळते. फक्त जुन्या कौलारू घरात भिंती आढ्यापर्यंत पोचत नाहीत, हे लक्षात असू द्या. पलीकडे आजोबा खोकतात ते तुम्हाला ऐकू येतं. तुम्ही नुसते कूस बदललीत तरी पलीकडून विचारणा होते, 'पाणी होया काय?' होय म्हणा. नाहीतर ते कंदील घेऊन बघायला येतात.

दुसऱ्या दिवशी स्कूबा. त्याशिवाय मालवणला गेल्याचं कोणी मानत नाही. पाण्याखाली तुम्हा दोघांसोबत एकेक प्रशिक्षक असतो, म्हणजे हिशेबाने तिथेही चौघं. एक सूचना तेवढी पाळा. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'झकास' नव्हे, 'वर न्या'. बायकोने आनंदाने अंगठा दाखवला आणि तिला तडक होडीत काढलं, नवरा खाली माशांसोबत फोटो काढत राहिला, असे संसारही पुढे नीट चालतात म्हणे.

निसर्गप्रेमी जोडप्याने वेळासला जावं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं तिथे समुद्राकडे धावतात. राहायचं गावातल्या घरांत, आणि गर्दी असली तर बायका माजघरात, पुरुष ओटीवर. पहाटे उठून सगळ्यांनी दोरीमागे ओळीत उभं राहायचं. या कासवाची मादी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि चालती होते. पिल्लं कधी निघाली, कुठे गेली, जेवली का, काही विचारत नाही. ही माहिती उत्साहाच्या भरात सासूबाईंना फोनवर सांगू नका.

खर्चाची पर्वा नसेल तर शाही प्रकारही आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणि त्याच्या राणीला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला, 1916 मध्ये राजा तिथेच वारला. तीसेक वर्षं एकाच गावात, एकाच माणसासोबत, बाहेर जायची परवानगी नाही. नवविवाहितांनी अर्धा तास काढून राजवाडा बघावाच.

राहता राहिला महिना. तुमचं लग्न मे महिन्यातच असणार, कारण आतेभावाला सुट्टी तेव्हाच असते. मेमध्ये कोकणात घाम वाळत नाही, दुपारी वीज जाते आणि सगळे चाकरमानी गावी आलेले असतात. पण हापूस असतो! म्हणूनच तुम्ही निघालात हे कळताच फोन सुरू होतात. मावशीला एक पेटी, बॉसला एक, खालच्या मजल्यावरच्या काकांना कच्चे, आढीत घालायला. आत्ये वरून आगळाची बाटली, सुके बांगडे आणि एक फणस देते. फणसाला नाही म्हणता येत नाही. डिकी पेट्यांनी भरते, मागच्या सीटवर फणस बसतो, पुढच्या सीटच्या पायाशी बांगडे. महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे, तेव्हा बंद काचांआड या सगळ्यांचा सहवास बराच वेळ लाभतो. म्हणून दोघांपैकी एकाने कोकण रेल्वेने परतावं हे उत्तम. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मेमधलं लगेच संपतं. पत्रिका छापायला टाकण्याआधी तेवढं उरकून घ्या, आणि तिकीट कोणाच्या नावाचं काढायचं ते आईला विचारा.