सह्याद्री 'इंचाइंचाने मोजला' म्हणे!

ट्रेकर्सच्या गटांत एक मजकूर हौसेने पुढे ढकलला जातो. म्हणणं थोडक्यात असं: उपग्रहांनी सह्याद्रीचा थ्रीडी फोटो काढलाय, प्रत्येक कडा इंचाइंचाने मोजलाय, तेव्हा टोपोशीट, म्हणजे डोंगर-वाटांचे सरकारी नकाशे, आता रद्दीत घाला, आणि मोबाइलवर उंची वेगळी आली, तर सरकारी आकडा खोटा समजा.

आधी 'थ्रीडी फोटो'. बऱ्याच ॲप्समधल्या उंचीचं मूळ एसआरटीएम नावाच्या मोहिमेत आहे. 11 ते 22 फेब्रुवारी 2000 या काळात 'एंडेव्हर' या अंतराळयानाने पृथ्वीभोवती फिरत रडारने ही मोजणी केली. एक अँटेना यानात आणि दुसरी 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. जमिनीवरून परतलेला तोच तरंग दोन्हीकडे किंचित वेगळ्या स्थितीत पोचतो आणि त्या फरकातून गणिताने उंची काढतात. यात कॅमेरा कुठेच नाही. स्क्रीनवर दिसतं ते हिरवं-तपकिरी चित्र नंतर या आकड्यांवर पांघरलेलं असतं.

हाती येतो तो नुसता आकड्यांचा तक्ता. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा, भीमाशंकर हे सगळं एन19ई073 या एकाच फाइलमध्ये मावतं. नावाचा अर्थ सरळ आहे: 19 उत्तर अक्षांश आणि 73 पूर्व रेखांशापासून पुढचा एक-एक अंश. त्यात 3601 ओळी आणि 3601 स्तंभ, म्हणजे जवळपास 1 कोटी 30 लाख आकडे, आणि ते सगळे पूर्ण मीटरमध्ये. इंच लिहायला त्या फाइलमध्ये जागाच नाही! मोहिमेचं उद्दिष्टच असं होतं की 90 टक्के ठिकाणी चूक 16 मीटरच्या आत राहावी. प्रत्यक्षात ती बऱ्याच ठिकाणी याहून कमी निघाली, पण इंच फारच लांब राहिले.

'प्रत्येक कडा' हा दावा तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच तपासावा. आपल्या अक्षांशावर तक्त्याचं एक घर साधारण 29 बाय 31 मीटरचं होतं, आणि एका घराला एकच उंची. कोकणकडा नुसता उभा नाही, तो आत वळलेला आहे. वरचा काठ पुढे आणि त्याखालचा खडक मागे. एकाच जागी वर काठ आणि खाली पोकळी, हे एका आकड्यात सांगणार कसं? तक्त्यात मग काठाच्या घरातून दरीच्या घरापर्यंत तिरका उतार उरतो. ॲपवर तो भाग 'तीव्र चढ' म्हणून दिसेल, पाताळवेरी कडा म्हणून नाही. शिवाय रडार तिरकं बघतं, त्यामुळे उभ्या डोंगराच्या पलीकडे त्याची सावली पडते आणि तिथून काहीच परत येत नाही. अशा घरांत मूळ फाइलमध्ये उणे 32768 असा आकडा भरलेला असे, म्हणजे 'माहिती नाही'. पुढच्या आवृत्त्यांत ही भोकं मुख्यतः 'ॲस्टर' या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या जोडचित्रांतून (एकाच जागेच्या दोन कोनांतून घेतलेल्या चित्रांतून) काढलेल्या उंचीने बुजवली. ठिगळ आहे, पण बाहेरून ओळखू येत नाही. वानरलिंगीसारखा सुळका किंवा एखादी अरुंद नाळ तर शेजारच्या घरांत विरघळूनच जाते.

जंगलात आणखी एक घोळ. रडारचा हा तरंग जेमतेम साडेपाच सेंटीमीटरचा, दाट झाडोऱ्यातून तो जमिनीपर्यंत नीट पोचत नाही. भीमाशंकरच्या रानात तुम्ही 'जमिनीची उंची' म्हणून वाचता, त्यात झाडांचा वाटा असतो. भंडारदऱ्याचं पाणी तर एकाच सपाट आकड्यावर बसवलेलं आहे, धरण भरलेलं असो की तळ दिसत असो. आणि 30 जुलै 2014 ला माळीणवर कोसळलेला डोंगर या फाइलमध्ये अजून जागच्या जागी आहे.

आता 'सरकारी आकडा खोटा'. जीपीएस मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या आकाराशी जुळवलेल्या एका गणिती लंबगोलापासून. नकाशावरची उंची असते सरासरी समुद्रसपाटीपासून. भारताच्या आसपास गुरुत्वाकर्षण कमी असल्याने समुद्रसपाटी या लंबगोलाच्या बरीच खाली जाते, मुंबईजवळ साधारण 60-65 मीटर. ही दुरुस्ती न करणारं ॲप चौपाटीवर उभ्या माणसाला समुद्राखाली दाखवतं आणि 1646 मीटरच्या कळसूबाईला 1600 च्याही खाली. इथे कुणी काही लपवलेलं नाही.

राहिलं टोपोशीट. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) सहसा 20 मीटरच्या अंतराने असतात. आकड्यांची ती बारीक जाळी तिथे नाही, हे खरंच. पण कडा दाखवायला तिथे वेगळं चिन्ह आहे, पायवाटही काढलेली आहे. आकड्यांच्या तक्त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पाणलोट आखायला किंवा कुठून कुठलं शिखर दिसेल ते काढायला हा तक्ता उत्तमच, त्याला तोड नाही. इस्रोच्या कार्टोसॅट-1 ने दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जोडचित्रांवरून केलेली उंची आहे, जर्मनीच्या जोडउपग्रहांच्या रडारवरून तयार झालेला कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचा तक्ता एसआरटीएमपेक्षा सरस आहे, विमानातून लेझरने केलेली मोजणी त्याहून बारीक. तरी यातले तक्ते एका घराला एकच उंची देतात. आणि उपग्रह एवढे असूनही 2020 मध्ये एव्हरेस्टचा 8848.86 मीटर हा आकडा जाहीर झाला, तो नेपाळ आणि चीन या दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी उपकरणं घेऊन माथ्यावर चढाई केल्यानंतरच.