आखाड्यावर बसून महामार्ग कसा बांधावा

पायाभूत सुविधांचे अर्थशास्त्र शिकायचे असेल, तर ज्या गावात पायाभूत सुविधा नाहीत अशाच गावात राहून शिकावे, हा माझा पहिला सल्ला आहे. मुंबईत वाढलेल्या मुलाला रस्ता, वीज आणि पाणी आयते मिळालेले असते. त्यामुळे या गोष्टींची किंमत त्याला कळत नाही, फक्त काढता येते. तुमचे तसे नाही. वसमत तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, मी सहा आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप पूर्ण केली आहे. तिच्या जाहिरातीत ‘मानधन: कामगिरीनुसार’ असे छापले होते आणि माझी कामगिरी शून्य रुपयांची भरली. तेव्हा पुढचे सल्ले अनुभवाचे आहेत असे समजून वाचावेत.

आधी जागा निवडावी. घरात माळवदाखाली रेंज येत नाही आणि माळवदावर ऊन लागते, म्हणून आखाड्यावरचा कडुलिंब बरा. लाईट गेली तरी घाबरून जाऊ नये. आमच्याकडे टॉवरची बॅटरी त्यानंतर अर्धा-पाऊण तास तग धरते आणि प्रकल्पाचा परतावा काढायला तेवढा वेळ पुरतो. कॅमेऱ्यामागचे दृश्य धूसर करून ठेवावे, म्हणजे म्हैस दिसत नाही, हिरवळ दिसते. पहिल्या दिवशी मार्गदर्शक मॅडमनी कुठून बोलतोस असे विचारले. मी वसमत म्हणालो, त्यांनी वसई ऐकले, आणि ‘मग तर जवळच आहेस’ असे म्हणून त्या पुढच्या स्लाइडकडे वळल्या. तुमच्यावर असा प्रसंग आला तर निमूटपणे हो म्हणावे. हिंगोली जिल्हा नेमका कुठे आहे हे समजावून सांगण्यात भरलेला डेटा खर्च करू नये.

त्यानंतर शब्दसंपत्ती वाढवावी. ‘हॅम’ (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) हा शब्द पहिल्याच आठवड्यात येतो. रस्ता बांधून होईपर्यंत सरकार खर्चाच्या 40 टक्के रक्कम देते, उरलेले 60 टक्के ठेकेदार कंपनी कर्ज काढून आणि स्वतःचे भांडवल घालून उभे करते, आणि सरकार ते पुढच्या 15 वर्षांत सहामाही हप्त्यांनी व्याजासह फेडते, अशी ही पद्धत आहे. मी ती घरी उत्साहाने सांगितली तेव्हा काका म्हणाले, ‘म्हंजे उधारीच की रे.’ वडीलधाऱ्यांशी अशा वेळी वाद घालू नये. टोलच्या भरवशावर घेतलेले रस्ते कंपन्यांना झेपेनासे झाले, बँकांचे हात पोळले, आणि म्हणून 2016 साली केंद्राने ही पद्धत आणली, हा सगळा इतिहास काकांना ठाऊक नसतो. उधारी तेवढी ठाऊक असते.

आता एक्सेलकडे येऊ, कारण खरे शिक्षण तिथेच होते. बाहेरून घेतलेला आकडा निळ्या अक्षरात लिहायचा आणि सूत्राने आलेला काळ्या अक्षरात, हा या धंद्यातला शिरस्ता आहे. निळा आकडा म्हणजे गृहीतक. ते कोणीतरी कुठेतरी धरलेले असते आणि कोणी धरले हे विचारायचे नसते. तिसऱ्या आठवड्यात माझी शीट अडून बसली. बांधकाम चालू असतानाचे व्याज प्रकल्पाच्या खर्चात धरावे लागते. खर्च वाढला की त्याच्या प्रमाणात कर्ज वाढते. कर्ज वाढले की व्याज वाढते. आणि व्याज वाढले की पुन्हा खर्च. एक्सेल याला ‘सर्क्युलर रेफरन्स’ म्हणते आणि तसा इशारा देऊन थांबते. मी डोके धरून बसलेला पाहून बाबांनी काय झाले ते विचारले आणि मी सांगितले. त्यांनी स्प्रिंकलरचा पाइप खांद्यावरून खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मुद्दल कशानं वाढलं, तर व्याजानं. व्याज कशानं वाढलं, तर मुद्दलानं. हे आडतीवर कोणाला शिकवावं लागत नाही.’ बाबांचे म्हणणे तात्त्विकदृष्ट्या बरोबर असले तरी त्यांना उपाय सापडलेला नव्हता. तो एक्सेलमध्ये आहे. सेटिंगमध्ये जाऊन ‘इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ चालू करावे, म्हणजे चक्र तसेच फिरत राहते आणि एक्सेल तक्रार करायचे थांबते.

‘कॅश फ्लो वॉटरफॉल’ हा धडा मराठवाड्यातल्या मुलाने दहा मिनिटांत उरकावा. टोलमधून आलेला पैसा एका राखीव खात्यात जमा होतो आणि तिथून ठरलेल्या क्रमाने खाली झिरपतो: आधी कर, मग देखभाल, मग बँकेचे व्याज आणि मुद्दल, मग राखीव निधी, आणि सगळ्यात तळाशी काही उरलेच तर मालकाचा नफा. मोंढ्यातली, म्हणजे बाजारातली, हळदविक्रीची पट्टी काढून शेजारी ठेवावी. हमाली, तोलाई, पेरणीला घेतलेली उचल, उचलीवरचे व्याज, आणि सगळ्यात शेवटी, आडत्याने पेन्सिलीने गोल केलेला आकडा. क्रम तोच आहे. फरक इतकाच की वरच्या धबधब्यात पाणी कमी पडले तर तळाशी उभ्या असलेल्या माणसाला इक्विटी गुंतवणूकदार म्हणतात आणि त्याच्यासाठी कर्जाची पुनर्रचना होते. कर्जाच्या हप्त्याच्या निदान 1.2 ते 1.3 पट रोकड दर वर्षी हाती यावी, अशी बँकांची साधारण अपेक्षा असते. मी आमच्या पीककर्जाचे हे गुणोत्तर सहज म्हणून काढून पाहिले आणि ती शीट सेव्ह न करताच बंद केली. तुम्हीही सेव्ह करू नये.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी सरावासाठी नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग दिला. तेव्हाच्या आखणीप्रमाणे पवनार ते पत्रादेवी 802 किलोमीटर, खर्च 86 हजार कोटींच्या वर. जाहीर झालेल्या आखणीत आमच्या तालुक्यातली गावेही होती, हे मी मॅडमना सांगितले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मी वसईचा होतो. या प्रकल्पात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20,787 कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यातले 12 हजार कोटी प्रत्यक्ष जमिनीसाठी आणि 8,787 कोटी त्यासाठी काढायच्या कर्जाच्या संभाव्य व्याजासाठी. हा आकडा मी बाबांना वाचून दाखवला नाही. व्याजाच्या बाबतीत त्यांचे आधीच बरोबर ठरले होते आणि एका महिन्यात दोनदा बरोबर ठरलेला बाप घरात अवघड जातो.

भूसंपादनाची ओळ भरताना हात थरथरू देऊ नये. 2013 च्या कायद्याचे सूत्र सरळ आहे: बाजारभावाला गुणांकाने गुणायचे आणि येईल त्यावर तेवढीच दिलासा रक्कम घालायची. ग्रामीण भागात हा गुणांक 1 ते 2 यांच्या दरम्यान राज्याने ठरवायचा असतो. गुणांक 2 धरला तर मोबदला बाजारभावाच्या चौपट होतो आणि 1 धरला तर दुप्पट. महाराष्ट्राने 2021 मध्ये महामार्गांसाठी तो 2 वरून 1 वर आणला. शासनाला त्यासाठी अधिसूचना काढावी लागली. तुम्हाला एक निळा आकडा बदलावा लागेल आणि प्रकल्पाचा परतावा डोळ्यांदेखत वर सरकेल. मी दोनाचा एक केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘व्हेरी गुड.’ समोर पाच महिन्यांची हळद उभी होती. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु शीटमध्ये त्यासाठी रकाना नाही. ‘जिरायत’ आणि ‘बागायत’ असे दोनच पर्याय आहेत. विहीर, पाइपलाइन आणि बांधावरचे आंबे ‘इतर’ या सदरात जातात, आणि ‘इतर’ हे सरसकट टक्केवारीने धरायचे असते.

वेळापत्रकाचा भाग सोपा असतो, कारण बांधकामाचा कालावधी आधीच 36 महिने असा भरलेला मिळतो. या आकड्याविषयी कोणी शंका घेतलीच, तर आपल्याकडचे नगर–बीड–परळी रेल्वेचे उदाहरण देऊ नये. 261 किलोमीटरचा तो मार्ग 1995 साली मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज 353 कोटींचा होता. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, बीडपर्यंत गाडी धावली तोवर तो 4,800 कोटींच्या पुढे गेला होता आणि परळी अजून पुढेच होती. 36 च्या जागी 360 झाले, म्हणजे टंकलेखनात एक शून्य राहून गेले, एवढेच. दरम्यान बीडच्या दोन पिढ्यांनी आंदोलने केली, पण आंदोलनाचे मनुष्यतास प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

जोखमीच्या तक्त्यात मात्र चौफेर ‘कमी’ लिहावे. त्यात अप्रामाणिकपणा नाही, परंपरा आहे. रस्त्यांपासून वीजप्रकल्पांपर्यंत पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहावर 2018 मध्ये सुमारे 91 हजार कोटींचे कर्ज होते, तीनशेहून अधिक उपकंपन्या होत्या, आणि हप्ते थकण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत पतमानांकन ‘ट्रिपल ए’, म्हणजे सगळ्यात वरचे होते. तिथे भल्याभल्या पदवीधरांना जे दिसले नाही, ते सहा आठवड्यांच्या बिनपगारी मुलाला दिसावे, ही अपेक्षा त्या पदवीधरांचा अवमान करणारी आहे. मी ‘भूसंपादन जोखीम’ या ओळीसमोर ‘मध्यम’ लिहिले होते. ‘मध्यम’ लिहिले की खाली कारण लिहावे लागते, असे मॅडमनी समजावले. ते कारण त्या वेळी अर्ध्या किलोमीटरवर मारुतीच्या पारावर बसले होते आणि मोजणीला माणसे आली तर काय करायचे यावर बोलत होते. त्यात बाबाही होते. मी ‘कमी’ लिहिले.

शेवटचे सादरीकरण उत्तम झाले. लाईट दोनदाच गेली. परतावा साडेचौदा टक्के निघाला, कारण तो तेवढा निघेपर्यंत मी वाहनसंख्या वाढवत नेली होती. याला ‘गोल सीक’ म्हणतात आणि त्याचे बटण एक्सेलमध्येच असते, तेव्हा अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. एका परीक्षकांनी माझी स्थानिक परिस्थितीची जाण विशेष असल्याचे सांगितले. ते वसईविषयी बोलत होते.

प्रमाणपत्र ईमेलने येते, पण घरात ते भिंतीवर दिसल्याशिवाय कोणी मानत नाही, त्यामुळे सेवा केंद्रात जाऊन छापून घ्यावे. मी गेलो तेव्हा बाबाही बरोबर होते. त्यांना आमच्या गटाचा सातबारा आणि भूसंपादनाविरुद्धचा हरकत अर्ज छापायचा होता. अर्ज मीच टाइप केला होता, कारण घरात लॅपटॉप माझ्याकडे आणि सूत्र समजणाराही मीच. मोबदल्याच्या परिच्छेदात मी गुणांक 2 मागितला होता. केंद्रातल्या पोराने दोन्ही फाइली उघडल्या आणि विचारले, ‘आधी कोणतं काढू? लाईटचा टाइम झालाय.’ बाबा माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी रंगीत प्रत आधी काढून घ्यावी, असा माझा सल्ला आहे. वीस रुपये पडतात. हरकत अर्जाला अजून चार दिवसांची मुदत होती.