खुलासा : ‘दुसरं ऑपरेशन केलं की गोळ्या आणि पथ्य बंद’ हे खोटं आहे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : स्लीव्हनंतर (वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) वजन परत वाढलं तर सरळ बायपास (अन्नाला आतड्याचा काही भाग टाळून पुढे नेणारं ऑपरेशन) करा, मग गोळ्याही नकोत, पथ्यही नको. हे वाचून कुणी गोळ्या सोडू नयेत.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढतात, उरते ती अरुंद नळी. त्यानंतरचं ऑपरेशन सगळ्यांना एकच नसतं. छातीत सतत जळजळत असेल तर रू-एन-वाय बायपास (जठराचा छोटा कप्पा आतड्याला जोडणारा, दोन जोडांचा प्रकार) बरा पडतो. जठर आणि आतड्यात एकच जोड देणाऱ्या ‘मिनी’ बायपासमध्ये पित्त जठरात येऊ शकतं. ‘सादी’ (SADI, यातही एकच जोड) प्रकारात वजन सहसा जास्त उतरतं, पण आतड्याचा मोठा भाग वगळल्यामुळे पातळ शौच आणि प्रथिनांची कमतरता हे धोके वाढतात. गोळ्या बंद कशा होतील? बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर लागतं, रक्ततपासणीही. शिवाय दुसऱ्या खेपेला गुंतागुंत पहिल्यापेक्षा जास्त होते.

दुसऱ्या ऑपरेशनआधी एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठराची तपासणी) करा आणि खाणं नीट तपासा. भाकरी चार घासांत पोट भरते; आमरस, साखरेचं कोकम सरबत मात्र त्या अरुंद नळीतून सरळ खाली उतरतं आणि वजन वाढू शकतं. मुंबईला दाखवायला जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद न विसरता न्या.