न सांगता निघून जाऊ नका

आज सकाळी गल्लीतल्या बालवाडीच्या फाटकात एका वडिलांनी आपल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला "तो बघ काऊ" म्हणून झाडाकडे पाहायला लावले आणि त्याची मान वळताच स्कूटर काढून ते निघून गेले. मुलाने वळून रिकाम्या फाटकाकडे बोट दाखवले आणि मग टाहो फोडला. "होईल हो सवय," असे बाई म्हणाल्या तेव्हा मला संताप आवरेना.

दोन वर्षांपूर्वी माझी आई, जिच्या कुशीत माझी लेक रोज झोपत असे, कराडला परत निघाली, तेव्हा पोर रडेल या भीतीने आम्ही तिला पहाटे, लेक झोपेत असतानाच, गाडीत बसवले. उठल्यावर लेकीने आजीला पडद्यामागे, पलंगाखाली, न्हाणीघरात शोधले आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी नुसती स्वयंपाकघरात गेले तरी ती हातातले खेळणे टाकून मागे येई. आपण झोपलो की माणसे नाहीशी होतात, एवढे ती त्यातून शिकली.

या वयात घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. "चार वाजता येईन" याला मुलाच्या लेखी अर्थ नसतो. "वरणभात खाशील, झोपून उठशील, की मी फाटकात असेन" हे त्याला समजते, मात्र तेव्हा फाटकात असायलाच हवे. बालवाडी, वेगळे अंथरूण आणि लंगोट सोडवणे हे सारे जूनच्या एकाच पंधरवड्यात का उरकायचे असते? निदान जुनी गोधडी तरी सोबत जाऊ द्यावी, आणि ती धुण्याची घाई करू नये. तिला घरचा वास असतो.

कामावर उशीर झाला तर पगार कापला जातो, हे मान्य. पण निरोपाला अर्धे मिनिट लागते! १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी, मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली; आणि आज पहिला आठवडाभर आईला पटांगणात बसू द्यायलाही फाटक उघडत नाही.

त्या वडिलांच्याही पोटात तुटले असेल. आईला पहाटेच निघायला मीच सांगितले होते.

पुढच्या खेपेला आईने पिशवी लेकीसमोर भरली, चष्म्याचा डबा तिच्याच हाताने आत ठेवायला लावला. एसटी सुटताना लेक इतकी रडली की स्थानकावरच्या बायका कळवळल्या. रात्री गोधडीत शिरताना ती म्हणाली, "आजी लाल गाडीतून गेली," आणि माझा हात धरून झोपली.