अंगणातलं पाणी जातंय कुठं?

परवा तासभर धो धो पडला आणि बेळगावात आमच्या गल्लीत गटार आणि रस्ता एकच झाला. शेजारचे मामा गॅलरीतून म्हणाले, "गटार मोठं करायला पायजे बगा." मीपण कैक वर्षं हेच म्हणायचो, पण आमच्या काकांचं भात, गटारांचं पाणी जातं त्या बळ्ळारी नाल्याला लागून आहे, रोप लावून पंधरा दिवस झाले की शिवार पाण्याखाली, चार दिवसांनी पाणी उतरतं तेव्हा रोप कुजलेलं आणि बांधावर जलपर्णी न् प्लास्टिक, मग परत रोप शोधा, परत मजूर बघा. गटार मोठं केलं तर गल्ली लवकर मोकळी होईल हो, पण तेच पाणी काकांच्या बांधावर अजून लवकर पोचणार की.

हिशोब साधा आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. माझी स्लॅब १००० स्क्वेअर फूट, ५० मिलिमीटर पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी, आणि अंगणात पेव्हर घातलेत (मीच हौसेनं घातले, कोणाला नावं ठेवू) त्यामुळं सगळं थेट गटारात.

पाणी जमिनीत मुरवायच्या शोषखड्ड्याचा खर्च गवंड्यानं सांगितला तर बायको म्हणाली तेवढ्यात फ्रिज येईल. खोटं नाही ते. शिवाय खड्डा दरवर्षी उपसायला लागतो, पाणी झिरपणारे पेव्हर घातले तर त्यांची भोकं आपल्या तांबड्या मातीनं बुजतात, आणि जुलैत विहिरी काठोकाठ भरल्यावर जमीन तरी किती पिणार? त्यामुळं खड्डे मारले की पूर थांबला असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, नाल्यातला गाळ काढायला लागणारच.

पण २०१६ ला पहिल्या २० स्मार्ट सिटीत आपल्या बेळगावचं नाव आलं तेव्हापासून काँक्रीट आणि पेव्हरचा खर्च आपण विकास म्हणून मोजतो आणि काकांची दुबार लागण कुठल्याच वहीत लिहीत नाही, मग खड्डाच महाग दिसणार ना? आणि उन्हाळ्यात राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आठवड्यानं आलं की टँकरला मोजतो ते पैसे कुणी धरायचे? गल्लीतली जुनी विहीर साफ करून गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडणं मला तरी सगळ्यात स्वस्त वाटतं.

खड्ड्याचं घरी अजून ठरलं नाही. रविवारी पेव्हरच्या दोन ओळी तेवढ्या उचलल्या. मामा बघत होते, म्हणाले, "आता गाडी कुठं लावणार ओ?"