‘तात्पुरतं’ दिलेलं काम परत कधी घेणार?

‘सध्या तू सांभाळ, नवीन माणूस आला की बघू.’ या वाक्याची आता चीड येते. कारण पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. नोकरी सोडून गेलेल्याची जागा पहिला महिना मंजुरीत अडकते. दुसऱ्या महिन्यात वरच्यांच्या लक्षात येतं की काम तर कुठे अडलं नाही. तिसऱ्या महिन्यात ती जागाच बजेटमधून उडते. काम अडू नये म्हणून ज्याने रात्री जागवल्या, त्याचीच मेहनत जागा रद्द करायला पुरावा म्हणून वापरली जाते. वर्षाअखेरीला अप्रेझलमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनात, तेच काम ‘तुझ्या रोलचा भाग’ झालेलं असतं आणि शेरा मिळतो, ‘अपेक्षेप्रमाणे काम’. कोणाची अपेक्षा? कधी ठरली? ज्याच्यावर लादली त्याला विचारलं होतं का?

ऑफर लेटरमध्ये पगार, पद, रजा आणि नोटीस पिरियड लिहिलेला असतो. शिवाय एक ओळ असते, ‘वेळोवेळी सोपवली जाणारी इतर कामे’. सगळी मनमानी याच ओळीतून आत शिरते. बाकीचं सगळं न बोललेलं. अभ्यासक याला मानसशास्त्रीय करार म्हणतात. ख्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. पुढे १९८९ मध्ये डेनिस रूसो यांनी नेमकं सांगितलं की आपण काय द्यायचं आणि बदल्यात काय मिळणार, याबद्दल माणसाची जी समजूत असते तो हा करार. समजूत दोघांची एकच असेल याची खात्री नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. मॅनेजर भिंतीकडे बघत ‘पुढच्या वर्षी तुझं नक्की बघू’ म्हणतो, ऐकणारा ते वचन म्हणून जपून ठेवतो. वर्षभरात मॅनेजर बदलतो. नव्याला त्यातलं काहीच ठाऊक नसतं आणि एचआर विचारतं, ‘लेखी आहे का?’

जुना सौदा साधा होता. तुम्ही निष्ठेने राबा, आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. त्यातला आपला अर्धा भाग कंपन्यांनी काढून घेतला, पण समोरच्याचा अर्धा भाग अजूनही हक्काने मागतात. जाणाऱ्याने तीन महिने नोटीस द्यायची, हँडओव्हर पूर्ण करायचा, बदली माणसाला शिकवायचं. काढताना मात्र सकाळी मीटिंग आणि दुपारी लॉगिन बंद! नोटीसचे पैसे हातावर ठेवले की कायद्याने हिशेब मिटत असेल. दहा वर्षं बरोबर काम केलेल्यांचा निरोपही घेऊ न देणं कुठल्या माणुसकीत बसतं? आणि मागे राहिलेल्यांना त्याच आठवड्यात ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं सांगायचं. कुटुंबात तिमाहीचे आकडे बघून माणसं कमी करत नाहीत.

कामाच्या वेळेनंतरच्या मेसेजचंही तेच. ‘दोनच मिनिटं’ म्हणून सुरू होतं. रोजची २० मिनिटं धरा. वर्षाचे २४० कामाचे दिवस म्हणजे ४,८०० मिनिटं, म्हणजे ८० तास. आठ तासांचे पूर्ण दहा दिवस फुकट गेले. पगारवाढीचाही असाच हिशेब मांडा. पगार ८ टक्के वाढला आणि आठवड्याचे तास ४५ वरून ५२ झाले, तर तासाचा दर साडेसहा टक्क्यांनी घटला. याला वाढ म्हणून पेढे वाटायचे? फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामानंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. म्हणजे ही वेळ कोणाची हा प्रश्न कायद्यात लिहिण्याएवढा गंभीर आहे. इकडे मात्र ऑफिसमधून वेळेवर निघणाऱ्याला ‘ओनरशिप नाही’, म्हणजे काम आपलं मानत नाही, असं ऐकवतात. ठरलेलं काम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणारा माणूस कामचुकार कसा होतो?

म्हणून तोंडी काम आलं की त्याच दिवशी मेल टाका. चार ओळी पुरतात. ‘आज बोलल्याप्रमाणे अमुक काम अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे आहे. त्यानंतर ते कोणाकडे जाईल ते कळवावे. यामुळे माझं अमुक काम दोन आठवडे मागे जाईल. यात काही बदल असेल तर सांगावे.’ तारीख विसरू नका, कारण तारीख नसलेलं तात्पुरतं काम कायमचं होतं. मागे काय पडणार तेही लिहा, नाहीतर दोन्ही कामं वेळेत हवी असतात आणि उशिराचं खापर तुमच्यावर. उत्तर आलं नाही तर ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी त्याच मेलवर पुन्हा विचारा. नवीन मेल सुरू केली की मागचा संदर्भ तुटतो. मॅनेजर बदलला तर पहिल्याच भेटीत ती जुनी मेल पुढे ठेवा.

कर्मचारीही चुकतात. ऑफर स्वीकारून पहिल्या दिवशी न उगवणारे आणि फोनही न उचलणारे असतात. ते चूकच आहे, आणि त्याचा भार पुन्हा टीममधल्याच कोणावर तरी पडतो.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते राजीनामा दिल्यावर. अप्रेझलच्या वेळी ‘बजेटच नाही’ म्हणणारे तीन दिवसांत वाढीव आकडा घेऊन येतात. पद मिळतं, वर्षभर अडकलेली मंजुरी एका मेलवर मिळते, मदतीला माणूसही सापडतो. म्हणजे पैसा होता, अधिकार होता आणि या माणसाच्या कामाची किंमतही नीट ठाऊक होती. मग वर्षभर त्याला ‘अपेक्षेप्रमाणे’ म्हणून का ठेवलं?