नुसती जोडलीत ना?

माझी वाफेवर चालणारी गाडी बघून "घरी बनवलीत?" असं विचारणारा माणूस मला पहिल्या मिनिटाला फार आवडतो. "हो, सुट्या भागांचं किट आणून," म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. "अच्छा, म्हणजे नुसती जोडलीत."

रविवारी भेटलेल्या एका गृहस्थांचं ते 'नुसती' अजून डोक्यातून जात नाहीये. शोरूममधून गाडी आणणाऱ्याला कोणी "नुसती विकत घेतलीत?" म्हणत नाही.

घात केलाय तो किट या शब्दाने. खोका उघडायचा, 'अ'मध्ये 'ब' घालायचा, संपलं, असं लोकांना वाटतं. १८९९ च्या लोकोमोबिल या वाफेच्या गाडीची प्रतिकृती करायला घ्या म्हणजे कळेल. पाकिटावर बारा बोल्ट लिहिलेले, आत अकरा. आटे काही इंचातले, काही मिलिमीटरमधले, आणि दोन्ही एकमेकांत दीड फेरा छान बसतात, मग अडकतात. सुधारित ड्रॉइंग येतं ते आपण भोक पाडून झाल्यावर.

तांब्याच्या नळ्यांचंच घ्या. नळी वाकवायची तर आधी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची, म्हणजे ती मऊ पडते. पण वाकवता वाकवता ती पुन्हा कडक होते. तिसऱ्या वळणाला हट्टाने जोर लावला की चपटी होते नाहीतर चिरते. परत तापवा. बॉयलरपासून इंजिनापर्यंत वाफेची नळी सरळ, नेटकी नेली की दिसायला सुरेख, पण तापली की ती लांबते, आणि लांबायला जागा नसली की सांधे फुसफुसायला लागतात. म्हणून तिला मुद्दाम एक वळसा द्यायचा. त्या वळशावर बोट ठेवून हे गृहस्थ म्हणाले, "इथे नळी जास्त झाली वाटतं."

मी व्हॉल्व्हबद्दल सांगायला गेलो. दोन सिलिंडर, आणि त्यांचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या चार एक्सेंट्रिक चकत्या. सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा स्लाइड व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना सारखा उघडला पाहिजे. एक टोक जमवायला नट अर्धा फेरा फिरवला की दुसरं बिघडतं, आणि पुढे जाताना जमलेलं रिव्हर्सला बिघडतं. चुकलं तर इंजिन लंगडतं : एका फेऱ्यात चार सारखे ठोके यायच्या ऐवजी तीन ठोके आणि एक दमेकऱ्याचा खोकला. पिस्टन रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथे वाफ अडवणाऱ्या ग्लँडमध्ये ग्रॅफाइटची दोरी भरायची ती नुसत्या बोटांनी आवळून. सुरुवातीलाच पाना लावला की रॉडवर चरे पडलेच. हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण लिटरला किती देते?"

"पाण्याचं विचारताय की पेट्रोलचं?"

इथे मी चुकलो. प्रश्न रास्त होता हो! या गाडीला वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर नाही, वापरलेली वाफ सरळ हवेत जाते, त्यामुळे लिटरभर पाण्यात गाडी जेमतेम साडेतीनशे-चारशे मीटर जाते. आकडा लाजिरवाणाच आहे. पण गृहस्थांना आकडा ऐकूच गेला नाही.

"पाण्यावर चालते?"

"नाही. खाली बर्नर आहे. त्यात पेट्रोल जळतं."

"ते सुरू करायला."

"सतत जळतं."

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "मी सांगत होतो ना तुला? कंपन्या दाबून ठेवतात. इथे समोर उभी आहे!" मग फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाले, "तुम्हाला बोलायची बंदी असणार. समजतंय मला."

गाडी उभी असताना असल्या गप्पा मारणं धोक्याचं असतं. बॉयलरला पाणी देणारा पंप इंजिनाच्या क्रॉसहेडवर, म्हणजे पिस्टनबरोबर हलणाऱ्या भागावर, चालतो, म्हणजे गाडी चालली तरच पाणी आत जाणार. उभ्या गाडीला हातपंप मारावा लागतो आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवरची नजर काढता येत नाही. मूळ गाडीच्या चौदा इंची बॉयलरमध्ये अर्ध्या इंचाच्या सुमारे तीनशे तांब्याच्या नळ्या होत्या. पाणी फार उतरलं तर त्यांचे सांधे भाजून गळायला लागतात. मी पंप मारत होतो. गृहस्थ मेहुण्याला म्हणाले, "बघ, पाणीच भरतोय."

"पळते का पण?" हा पुढचा प्रश्न. मी सांगितलं की स्टॅनली या जुळ्या भावांनी हे डिझाइन १८९९ मध्ये अडीच लाख डॉलरला विकलं, त्याच वर्षी त्यांच्यातला एक अशाच गाडीतून अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगराच्या माथ्यावर पोचला, आणि १९०६ मध्ये त्यांच्याच वाफेच्या गाडीने ताशी २०५ किलोमीटरचा विक्रम केला. "ती त्यांनी स्वतः बनवली असेल," गृहस्थ म्हणाले.

यावर काय बोलणार? सकाळी व्हेपोरायझर तापवत बसलो होतो तेव्हा हा माणूस तिथे नव्हता. तो पुरता तापायच्या आत पेट्रोल सोडलं तर त्याचा वायू होत नाही, थेंबच बर्नरवर पडतात आणि ज्वाळा बाहेर येते. भुवया माझ्याच होत्या. त्या काही किटमध्ये आल्या नव्हत्या.

"चला, चालवून दाखवा."

सिलिंडर थंड असतात तेव्हा पहिली वाफ आत जाताच तिचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही. एकदम थ्रॉटल उघडला तर इंजिनाचा काहीतरी भाग वाकणार. म्हणून थ्रॉटल केसभर उघडायचा, गाडी हातभर पुढे, हातभर मागे करायची, आणि ते पाणी एक्झॉस्टमधून थुंकू द्यायचं. मी म्हटलं, "मागे उभे राहू नका." ते मागेच उभे राहिले, कारण तिथून फोनमध्ये गाडी पूर्ण येत होती.

ओंजळभर गरम, तेलकट पाणी त्यांच्या बुटांवर आलं. त्यांनी बूट पुसले, वाकून गाडीखाली नीट बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले,

"गळतेय रे. जोडलेली पण नीट नाहीये."